पिशवीत किती आलं

घशात नळी असताना माणसाला काय काय ऐकू येतं, हे पलंगाभोवती उभ्या असलेल्यांना कळत नाही. मला पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला तो एक आकडा. "बारा," एक बाई म्हणाली. नंतर, किती वेळानं ते सांगता येणार नाही, तोच आवाज म्हणाला, "आठ."

"तासाभरात?" एका पुरुषानं विचारलं.

"हो सर. आठच आली."

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. कुणीतरी उलटी उजळणी म्हणतंय आणि मध्येच अडकलंय असं मला वाटलं, म्हणून पुढचा आकडा सांगायला मी तोंड उघडू गेले. तोंड उघडंच होतं. त्यात काहीतरी कडक होतं, पट्टीनं गालाला चिकटवलेलं, आणि ते घशातून खाली छातीत उतरलेलं होतं. ते काढावं म्हणून हात उचलायला गेले, तर हात येईनात. आधी वाटलं, हात गेले. मग मनगटाला कापडाचा काच जाणवला. हात पलंगाच्या दांड्यांना बांधलेले होते.

राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेची दोन शिक्षकांची शाळा आहे, त्यातली एक मी. घरही त्याच गावात. नवऱ्याचं शेत आहे, कापूस आणि तूर. मूलबाळ नाही. त्यामुळे आमच्या घरात कुणी आजारी पडलं की दुसरं माणूस उशाशी बसणार हे ठरलेलंच. तोवर उशाशी बसायची पाळी नेहमी माझी यायची, कारण ह्यांना दर पावसाळ्यात एकदा तरी ताप यायचा आणि मी मात्र वीस वर्षांत आजारपणाची रजा टाकली नव्हती.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी मला ताप आला. दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते, म्हणून गोळी घेऊन तीन दिवस मी शाळेत गेले. चौथ्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना मला दम लागला. वार लिहिला, दिनांक लिहिला, महिना लिहायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. खुर्चीत बसले ती मुलं घरी जाईपर्यंत उठले नाही. शेवटी एका मुलीच्या आईनं ह्यांना वावरातून बोलावून आणलं.

राळेगावच्या दवाखान्यात बोटाला चिमटा लावला. डॉक्टरांनी तो काढून दुसऱ्या बोटाला लावला, मग तिसऱ्या, आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. यवतमाळला पोचलो तेव्हा कळलं की दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे. दोन दिवस तोंडावर घट्ट मास्क होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मास्कनं भागत नाही, नळी घालावी लागेल. मी ह्यांना म्हणाले, "मुगाच्या शेंगा ओट्यावर आहे, झाकून ठेवा." पुढचे पंधरा दिवस मला बोलता आलं नाही.

मशीन श्वास देतं, असं सगळे म्हणतात. देणं हा शब्द मला पटत नाही. मला श्वास सोडायचा असायचा तेव्हा ते आत ढकलायचं. मला घ्यायचा असायचा तेव्हा ते थांबलेलं असायचं. पूर्ण सोडूही द्यायचं नाही. छाती रिकामी व्हायच्या आतच ते अडवून धरायचं, फुगा बोटांनी चिमटून धरावा तसं. मी जोर लावला की डोक्याशी घंटा वाजायची. मग सिस्टर यायच्या. "मॅडम, भांडू नका त्याच्याशी. तुमी थकसान, ते नाही थकत," असं म्हणायच्या, आणि हातातल्या सुईतून काहीतरी थंड वर चढत यायचं. मी बुडून जायची.

त्या बुडण्यात एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. आमच्याकडे जिनिंगमध्ये सरकी काढलेल्या कापसाची, रुईची, गाठ बांधतात, ती मी लहानपणी वडिलांबरोबर पाहिली होती. वरून पाटा येतो, ढिगाएवढी रुई दाबून हातभर करतो आणि पट्ट्या आवळतो. मी त्या गाठीत होते. बाहेर लोक बोलत होते आणि गाठीचं वजन सांगत होते. मी आत आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

रोज सकाळी गुंगीचं औषध थोडं बंद करायचे, मी शुद्धीवर येते का ते पाहायला. मी यायची. पण डोळ्यांवर सूज इतकी असायची की पापण्या जेमतेम किलकिल्या व्हायच्या, आणि मी जागी आहे हे फक्त मलाच कळायचं. तो तासभर सगळ्यात वाईट. खिडकी नव्हती. छताला चार ट्यूबलाइट होत्या आणि त्या कधीच बंद होत नसत. राऊंडला येणारा प्रत्येक जण आधी पलंगाच्या उजव्या बाजूला, खाली वाकून बघायचा, आणि मग माझ्याकडे. खाली माझ्या लघवीची पिशवी टांगलेली होती. तो बारा आणि आठचा आकडा त्या पिशवीतला होता, हे मला तीन-चार दिवसांनी उमजलं. तासाला निदान तीस मिली तरी यायला हवी होती.

आकडा खाली गेला तशी मी फुगत गेले. बोटं आधी. मग पाय. जोडवी रुतायला लागली म्हणून एके दिवशी कातरीसारखं काहीतरी आणून ती कापली. कापताना दोन माणसं मला न सांगता माझा पाय धरून होती. कापलेली जोडवी एका प्लास्टिकच्या पुडीत घालून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात धरून उभे राहिले. मला सांगावंसं वाटत होतं की जोडव्यांना काय होतं, नवी घेऊ. घशातली नळी जरा हलली आणि घंटा वाजली.

नातेवाइकांना दिवसातून दोनदा आत सोडत, सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला. एका सकाळी हे आले तेव्हा डॉक्टर तिथंच होते. तरुण होते, सोलापूरकडचे असावेत, बोलणं आमच्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, "भाऊ, किडनी जवळपास थांबली आहे. रक्तात घाण साठतेय, अंगात पाणी साठतंय. डायलिसिस सुरू करावं लागेल. तुमची सही हवी."

हे एक पाऊल मागे सरकले. मग म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"फुफ्फुसाचं म्हणून एक मशीन लावलं. आता किडनीचं म्हणून दुसरं लावता. माह्या मोठ्या भावाले लावलं होतं डायलिसिस. हप्त्यातून दोनदा यवतमाळ. थोडेच दिवस लागन म्हणे. सुटलंच नाही ते. दीड वर्षानं गेला."

"त्यांचं वेगळं असेल. त्यांच्या किडन्या आधीपासून खराब असतील. मॅडमच्या किडन्या पंधरा दिवसांपूर्वी चांगल्या होत्या."

"त्याच्या डॉक्टरनंबी असंच समजावून सांगितलं होतं."

"उद्या सकाळपर्यंत विचार करा," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढे मला थांबता येणार नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाला धोका आहे."

डॉक्टर गेले. हे माझ्या पायाशी उभे राहिले आणि सुजलेल्या घोट्यावर हात ठेवून म्हणाले, "मले समजून नाही राह्यलं व, काय करू त." हे माझ्याशी बोलत होते, पण बघत होते पिशवीकडे.

भासऱ्यांचं, ह्यांच्या मोठ्या भावाचं, ते दीड वर्ष मीही पाहिलं होतं. पहाटेची गाडी पकडायला निघालेले, परत येताना बसमध्ये मान टाकलेले, घरी मोजून मिळणारं अर्धा पेला पाणी. त्यामुळे ह्यांची भीती मला परकी नव्हती. पण ह्यांच्या एका नाहीवर मी त्या पलंगावर मरणार होते, आणि मला विचारावं हे कुणाच्या मनात येत नव्हतं, कारण मी तिथं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. मी होते. सगळा वेळ होते. मी पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. अंगठा हलवला. हे डोळे पुसत बाहेर गेले.

अंगठा सिस्टरांनी पाहिला.

ह्या सिस्टर झरी जामणीकडच्या, कोलाम आदिवासी घरातल्या. बारीक अंगाच्या, चाळिशीच्या. अंग पुसताना, चादर बदलताना त्या माझ्याशी बोलायच्या, मी ऐकतेय की नाही याची वाट न बघता. ह्या वेळी त्या माझ्या तोंडाजवळ वाकल्या. "मॅडम, ऐकू येते? येत असंल त अंगठा उचला." मी उचलला. "दोनदा उचला." मी दोनदा उचलला.

त्यांनी उजव्या हाताची गाठ सोडली. "नळीले हात लावसान त माही नोकरी जाईन," असं म्हणून हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मार्करनं क ख ग घ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं लिहिली. लिहिताना म्हणाल्या, "मी आश्रमशाळेत गेली तवा घरी कोलामीच बोलत होतो आमी. बाई काय म्हणते ते वर्षभर समजत नव्हतं, अन माहं बाईले समजत नव्हतं. मले लघवीले जायाचं हाये हेबी सांगता येत नव्हतं. बसून राहाची."

पुठ्ठा त्यांनी माझ्यासमोर धरला. काना, मात्रा, वेलांटी काहीच लिहिलेलं नव्हतं. बोट इतकं जड झालं होतं की प वरून ण वर न्यायला मला दोन श्वास लागले, मशीनचे श्वास.

"पाणी," त्या म्हणाल्या. "पाणी नाही देता येत, मॅडम. ओठ ओले करून देतो." ओल्या कापसाचा बोळा त्यांनी ओठांवर फिरवला. मी तो चोखायचा प्रयत्न केला.

मग मी क दाखवला, ह दाखवला, न दाखवला.

"कहन?" त्या थांबल्या. मी पुन्हा तेच तीन. "काहून. काहून म्हणता तुमी. कशाचं काहून, मॅडम?"

का होतंय असं, हे मला विचारायचं होतं; मी बोट उजवीकडे, खाली, पिशवीकडे नेलं.

सिस्टर तशाच गेल्या आणि डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टर आधी मॉनिटरकडे बघू लागले, तर सिस्टर म्हणाल्या, "सर, त्यायच्याशी बोला. त्या विचारून राह्यल्या, लघवी काहून होत नाही म्हणून." मला तो क्षण नीट आठवतो, कारण डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. इतक्या दिवसांत माझ्याजवळ बसलेला तो पहिला माणूस.

"मॅडम," ते म्हणाले, "फुफ्फुसात हवेच्या अगदी बारीक पिशव्या असतात. तुमच्या त्या सुजून मिटल्यात. त्या उघड्या राहाव्यात म्हणून मशीन आत हवा दाबून धरतं. तुम्ही श्वास सोडला तरी थोडा दाब आतच ठेवतं. त्यानं ऑक्सिजन सुधारतो. पण तो दाब छातीतल्या मोठ्या शिरांवरही पडतो. शरीरातून हृदयाकडे परत येणारं रक्त त्यामुळे अडतं. हृदयात कमी आलं की हृदयातून पुढे कमी जातं. किडनीला रक्त कमी पोचलं की तिला वाटतं अंगातलं पाणीच संपत आलंय, म्हणून ती पाणी धरून ठेवते. लघवी होत नाही. ते पाणी अंगात साठतं, फुफ्फुसातही उतरतं. फुफ्फुस जड झालं की मला मशीनचा दाब वाढवावा लागतो."

त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. "आणि दाब वाढवला की पुन्हा किडनीला कमी. सगळा दोष मशीनचा नाही. जंतुसंसर्ग आहे, मध्ये तुमचं बीपी पडलं होतं, काही औषधंही किडनीला जड असतात. पण मशीनचा वाटा आहे, हे खरं. मशीन आत्ता काढता येत नाही. काढलं तर ऑक्सिजन राहणार नाही."

शाळेत आम्ही फुफ्फुसाचं चित्र एका पानावर शिकवतो आणि मूत्रपिंडाचं दुसऱ्या पानावर. एकाला वाचवायला लावलेलं यंत्र दुसऱ्याला बंद पाडतं, हे मी पहिल्यांदा ऐकत होते, तेही स्वतःच्या बाबतीत. मला भीती वाटली. पण कळल्यामुळे काहीतरी सैलही झालं. आतापर्यंत मला वाटत होतं की माझंच काही चुकतंय, मी जोर लावत नाही, मी आळस करतेय. त्या गुंगीत मी स्वतःलाच रागवत होते, चल, कर म्हणून.

"डायलिसिसनं साठलेलं पाणी काढलं की फुफ्फुस हलकं होईल," डॉक्टर म्हणाले. "मग मला दाब उतरवता येईल. दाब उतरला की किडनीला उसंत मिळेल. ती पुन्हा चालू होईल असं मला वाटतं. खात्री देता येत नाही."

मी अंगठा उचलला.

"ह्यांच्या मिस्टरांना समजवा," ते सिस्टरांना म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हे आले. डोळे सुजलेले होते, शर्ट कालचाच होता. सिस्टरांनी ह्यांना माझ्या उजव्या बाजूला उभं केलं आणि पुठ्ठा धरला. मी स दाखवला. ह दाखवला. मग क, मग र.

ह्यांनी ओठ हलवत वाचलं. "सहकार. सहकार काय?" ते सिस्टरांकडे वळले. "सहकारी सोसायटीचं काही म्हणते का ही?"

"सही करा म्हणतेत त्या," सिस्टर म्हणाल्या.

हे पिशवीकडे नाही, मॉनिटरकडे नाही, माझ्याकडे बघायला लागले. मला वाटतं ते लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ माझ्या डोळ्यांत बघत होते.

"तुले समजते सारं?"

मी अंगठा उचलला.

"मी भाऊजवळ बोलत होतो तेबी ऐकलं?" डॉक्टरांशी बोलत होतो असं त्यांना म्हणायचं होतं, पण तोंडून भाऊ आलं, आणि त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

मी अंगठा उचलला.

"तुले भेव नाही लागत?"

मी ल दाखवला, ग दाखवला, त दाखवला. ह्या वेळी त्यांना विचारावं लागलं नाही.

"मलेबी," ते म्हणाले, आणि सही करायला गेले.

डायलिसिससाठी मानेत उजवीकडे जाड नळी घातली. आता मानही वळवता येईना. डावीकडे श्वासाचं मशीन, उजवीकडे रक्ताचं, मध्ये मी. माझं रक्त लाल नळ्यांतून बाहेर जाताना दिसायचं आणि परत येताना थंड लागायचं. चार तास अंगाला कापरं भरायचं. त्या चार तासांत मी छताच्या पत्र्यावरचे स्क्रू मोजले, किती ते आता आठवत नाही. पहिल्या खेपेनंतर काही फरक पडला नाही, बीपी पडलं म्हणून ते अर्ध्यातच थांबवावं लागलं. हे त्या दिवशी संध्याकाळी आले आणि काही न विचारता उभे राहून गेले. दुसऱ्या खेपेला पूर्ण झालं. तिसरीनंतर माझ्या बोटांच्या पेरांवरच्या रेषा परत दिसायला लागल्या. सिस्टरांनी हात माझ्या डोळ्यांसमोर धरून मला त्या दाखवल्या.

मग डॉक्टर रोज सकाळी मशीनची खुंटी फिरवायला लागले आणि आकडा मोठ्यानं सांगायला लागले, मला ऐकू जावा म्हणून. "चौदावरून बारा." दुसऱ्या दिवशी, "दहा." एक दिवस पुन्हा बारा, कारण ऑक्सिजन उतरला. मग दहा, मग आठ. मी दोन आकड्यांच्या मध्ये जगत होते. एक खाली यायला हवा होता, एक वर जायला हवा होता. पहिला येत होता. पिशवीतला दुसरा हलत नव्हता.

एका सकाळी, राऊंड झाल्यावर, नळी काढली. घसा सोलून निघाल्यासारखा वाटला आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, छाती तळापर्यंत रिकामी झाली. मी श्वास सोडला आणि तो सोडतच गेले. मग "पाणी" म्हणाले. आवाज माझा नव्हता, फाटक्या कागदासारखा होता. सिस्टरांनी एक चमचा दिलं. मी दुसरा मागितला तर म्हणाल्या, "नाही, मॅडम. किडनी सुरू झाली नाही ना अजून. दिवसाचं मोजून हाये."

नळी निघाली म्हणजे सुटले असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. मला दुसऱ्या खोलीत हलवलं, तिथं खिडकी होती, खिडकीतून निंबाचं झाड आणि त्याखाली डबे उघडून बसलेली माणसं दिसायची. पण एक दिवसाआड डायलिसिस चालूच होतं आणि पिशवीच्या तळाला चहाच्या रंगाची थोडीशी लघवी पडून असायची. मला आता बोलता येत होतं आणि बोलायला काही नव्हतं. हे दिवसभर जवळ बसायचे. किती आलं हे त्यांनी विचारायचं बंद केलं होतं. त्यांचं ते न विचारणं मला जास्त लागायचं. ते म्हणत होते तेच खरं ठरणार, असं माझ्या मनात घर करून बसलं. सही मी करायला लावली होती. भासऱ्यांसारखी मान टाकून बसच्या सीटवर बसलेली मी, आणि शेजारी हे, असं चित्र मी डोळे उघडे ठेवूनही पाहायची.

एकदा मी म्हणाले, "तुमचं बरोबर होतं काय की."

"काय?"

"मशीनचं. सुटत नाही म्हणत होते तुमी ते."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्या सही नसती केली तं तू अशी बोलत बसली असती का इथं?"

सातव्या की आठव्या दिवशी दुपारी जेवणाचं ताट आलं होतं. बिनमिठाची भाजी, मी ती चिवडत होते. पुठ्ठा धरणाऱ्या त्याच सिस्टर आमच्याकडे आल्या, त्या आता ह्या खोलीत नसायच्या, पण जाता जाता डोकावायच्या. वाकून त्यांनी पिशवी उचलून उजेडात धरली. "मॅडम, सकाळपासून चारशे हाये."

"चारशे?" हे उठून उभे राहिले.

"रंगबी बघा, पातळ आला."

हे वाकून बघत राहिले. एखाद्या सामान्य माणसाच्या दिवसभराच्या हिशेबात चारशे म्हणजे काहीच नाही, पण ह्यांनी पिशवीच्या खालच्या टोकाला हात लावून ती तोलून पाहिली. दुसऱ्या दिवशी हजार झाली. मग इतकी व्हायला लागली की सलाईन लावून पाणी भरून द्यावं लागलं, आणि ज्या पाण्यासाठी मी रडले होते ते पाणी प्या, प्या म्हणून सगळे मागे लागले. डॉक्टर म्हणाले की किडनी जागी होताना असं करते, ती आधी नुसतं पाणी सोडते, गाळायचं काम नंतर शिकते. त्यांनी पुढचं डायलिसिस एक दिवस लांबवलं, मग आणखी एक दिवस. मग मानेतली नळी काढली.

रक्तातला किडनीचा आकडा खाली आला, पण आजाराआधी जिथं होता तिथं आला नाही. अजूनही आलेला नाही. अंगदुखीची साधी गोळी मला चालत नाही, मीठ बेतानं, आणि तीन महिन्यांनी एकदा यवतमाळ. रिपोर्ट हाती येईपर्यंत मी दवाखान्याच्या आवारात उभी राहते, आत बाकावर बसत नाही. बंद खोलीत मला बसवत नाही. वर्गाचं दार मी पावसातही उघडं ठेवते, मुलांची पुढची रांग भिजते. गळ्याशी घट्ट असलेले ब्लाउज मी सगळे देऊन टाकले. थंडीत हे गोधडी अंगावर टाकतात तेव्हा मी आधी हात बाहेर काढते, मग झोपते.

घरी आल्यावर महिना-दीड महिन्यानं कापूस फुटला. मला काम करायची मनाई होती, म्हणून मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चटई टाकून बसले होते आणि हे समोरच्या ओळीत वेचत होते. ऊन चांगलं होतं. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "तुले एक सांगाचं हाये."

"सांगा."

"डॉक्टरनं सही मागितली न मी नाही म्हटलं, त्या दिवशी मी पाच वाजता आलो नव्हतो तुह्याजवळ."

मला ते आठवत नव्हतं. त्या दिवसांत अकरा आणि पाच यांत मला फरक कळत नव्हता.

"बस स्टँडवर गेलतो. राळेगावची गाडी लागली होती. बसलो. कंडक्टरनं विचारलं, म्या म्हटलं राळेगाव. तिकीट घेतलं. मले वाटलं, आपण घरीच जाऊ. तिथं जे होईन ते होईन. मले दिसाले नको."

"मंग?"

"मधीच कळंबले उतरलो."

"काहून?"

हे बोंडातला कापूस काढत थांबले. "माहीत नाही. गाडी थांबली. लोकं उतरले, मीबी उतरलो. बराच वेळ उभा राह्यलो. मंग यवतमाळची आली, तिच्यात चढलो."

माझ्या मनात राग शोधून पाहिला. मी बांधलेल्या हातांनी पापण्या हलवत पडले होते आणि हा माणूस खिडकीशी बसून घराकडे निघाला होता. तरी राग आला नाही. त्या बसमध्ये मीही बसले असते, ह्याची मला खात्री होती. मला उठता आलं असतं, तर मी नळ्यांसकट उठून, कुणाकडे मागे न बघता, त्या गाडीत चढले असते आणि कळंबलाही उतरले नसते.

मी ह्यांना तेच सांगितलं. "मले जाता आलं असतं तं मीबी गेली असती."

हे वेचत पुढे सरकले. ओळ संपल्यावर झोळी रिकामी करायला आले, माझ्याजवळ बसले, आणि डब्यातलं पाणी आधी मला दिलं.